साक्षीसाहित्याचा निकष आणि मराठवाड्यातील १९४८

प्रस्तावना :
ज्यूंच्या वंशसंहारातून बचावलेल्यांच्या लेखनामुळे 'साक्षीसाहित्य' ही संकल्पना समीक्षेत रुजली. ऑशवित्झच्या छळछावणीतून परतलेले इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांचा पहिला ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ च्या ग्रंथात मात्र त्यांनी अशी भूमिका मांडली की, खरे साक्षीदार परत आलेच नाहीत. आपण त्यांच्या वतीने बोलतो. युरोपातील संहार आणि मराठवाड्यातील १९४८ यांचे स्वरूप व व्याप्ती भिन्न आहे. तथापि, लेव्ही यांच्या निकषावर हैदराबाद मुक्तिसंग्रामविषयक लेखन तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजीतील आठवणी (१९६७) आणि अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) हे या विषयाचे प्रमुख आधारग्रंथ होत. दोन्ही लेखक लढ्यात प्रत्यक्ष सहभागी होते. त्यामुळे संघटना, सत्याग्रह आणि सशस्त्र प्रतिकार यांना त्यांत केंद्रस्थान मिळणे स्वाभाविक आहे. येथील साक्षीदार हा लढणारा आहे. ही या लेखनाची शक्ती आहे आणि मर्यादाही.

कारण या भूमीने सोसलेही आहे. १९४६ मध्ये नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांनी गावोगावी दहशत बसविली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हिंसेचे लक्ष्य बदलले. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक बाधित जिल्हे मानले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे प्राण वाचविल्याचीही नोंद तिने केली. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला व २०१३ मध्ये अभ्यासकांना खुला झाला.

परंतु अहवाल म्हणजे साक्ष नव्हे. त्यात पीडितांची संख्या आहे, त्यांचा स्वर नाही. रझाकारांच्या भयाने गाव सोडलेली स्त्री असो वा सप्टेंबरनंतर परागंदा झालेले मुस्लिम कुटुंब असो, त्यांचे अनुभव प्रामुख्याने घरातल्या बोलण्यातच राहिले. एका घरातील आठवण दुसऱ्या घरात पोचली नाही. परिणामी, नव्या पिढीला १७ सप्टेंबरचा विजय ठाऊक असतो. त्या विजयाच्या अलीकडचे व पलीकडचे दुःख एकत्रितपणे ठाऊक नसते. एका दुःखाची नोंद केल्याने दुसरे उणे ठरत नाही, हे भान समीक्षकानेही बाळगले पाहिजे.

निष्कर्ष :
१) मुक्तिसंग्रामविषयक लेखनाचे मूल्यमापन करताना कार्यकर्त्याची साक्ष आणि पीडिताची साक्ष असा भेद करणे आवश्यक आहे.
२) पीडिताच्या साक्षीला वीरगाथेचा आकृतिबंध लावणे अन्यायकारक ठरते. तिच्यातील तुटकपणा व मौन हेही अर्थपूर्ण असते.
३) १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांच्या मराठी, उर्दू व इतिहास विभागांनी या आठवणी सांगणाऱ्याच्याच बोलीत, दखनीसह, ध्वनिमुद्रित करणे हे तातडीचे कार्य होय.