हाताची खूण : औंधचा संग्रह व अबालाल रहिमान

चित्रातील विषय, भाव आणि साम्य यांची चर्चा मराठी कलासमीक्षेत विपुल झाली. कुंचल्याने पृष्ठावर ठेविलेल्या खुणेची, म्हणजे रेषा, ठिपका व फटकारा यांची, त्या मानाने फारच थोडी. बहुसंख्य रसिकांचा चित्रांशी परिचय छापील प्रतींवरूनच होतो, आणि छपाईत प्रथम नाहीशी होते ती ही खूणच.

सातारा जिल्ह्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये स्थापिलेले श्री भवानी संग्रहालय या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील किरातार्जुनीय-प्रसंगांच्या पहाडी लघुचित्रांत आकार रेषेतूनच जन्मतो. ती पुसली तर चित्र उरत नाही. राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांत याच्या नेमका उलट प्रयत्न दिसतो. देहाचा वर्ण रंगविताना फटकारे एकमेकांत मुरवून हाताचा मागमूस लपविला जातो. तो प्रकट होतो तो जरीकाठाच्या व अलंकारांच्या चकाकीत. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शिळाछापखान्यातून निघालेल्या चित्रांत ही चकाकीही सपाट झाली. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा, आणि छटा साधणारे ठिपके अनामिक कारागिरांचे. घरोघरी भिंतीवर पूजिला गेलेला ‘रविवर्मा’ खुणांच्या हिशेबाने त्या कारागिरांचाच म्हटला पाहिजे.

कोल्हापुरात आयुष्य वेचलेले अबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांच्या बाबतीत प्रश्न अधिकच बिकट होतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांना वास्तववादी रेखनाची शिस्त मिळाली. परंतु रंकाळ्याच्या परिसरातील उत्तरकालीन निसर्गचित्रांत रंगांचे सुटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून ते प्रकाश उभा करतात. त्यांची तुलना फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांशी करण्याचा प्रघात आहे. ती सोयीची खरी, पण अपुरी. जॉर्ज सरासारख्या बिंदुवाद्याच्या ठिपक्यामागे वर्णशास्त्राचा सिद्धान्त आधी होता. अबालाल यांचा ठिपका एकाच जलाशयाच्या काठी वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणातून आला. परिणाम सारखा दिसला म्हणून कारणही एकच मानणे हा समीक्षेचा आळस होय.

शाहू महाराजांच्या १९२२ मधील निधनानंतर त्यांनी शोकावेगात आपली चित्रे रंकाळ्यात बुडविली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांच्या मूळ कृतींपेक्षा छापील प्रतीच अधिकांच्या दृष्टीस पडतात. त्या प्रतींत छपाईच्या जाळीचे ठिपके चित्रकाराच्या ठिपक्यांवर पडून दोहोंची सरमिसळ होते. अशा प्रतीवरून अबालाल यांच्या शैलीचे विवेचन करणारा अभ्यासक पुष्कळदा जाळीचेच वर्णन करीत असतो.