वळणारी ज्यूरी : एका खेळाविषयीच्या दोन अभिप्रायांची चिकित्सा

‘द ग्रेट एस अ‍ॅटर्नी’ या जपानी संगणकीय खेळाविषयी खेळाडूंचे दोन अभिप्राय वारंवार आढळतात : तो फार संथ आहे, आणि त्यातील ज्यूरी रंगतदार आहे. येथे बंगळुरूत मराठी तरुणांकडूनही हेच ऐकू येते.

पहिला आक्षेप मला ग्राह्य वाटत नाही. मूळ जपानीत 2015 व 2017 साली आलेल्या आणि 2021 मध्ये इंग्रजीत एकत्र प्रसिद्ध झालेल्या या दोन भागांचा नायक व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये वकिली करणारा परका जपानी तरुण आहे. सहा ज्यूरी-सदस्यांची विधाने शेजारी ठेवून तो त्यांतील विसंगती शोधतो. हे काम शब्दाशब्दानेच व्हायचे.

दुसऱ्या अभिप्रायाची मात्र तपासणी आवश्यक आहे. खेळाडू अचूक असेल तर ज्यूरी वळतेच. पूर्वग्रह तर्कापुढे नमतो. टिळकांनी 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘केसरी’तील लेखांच्या इंग्रजी भाषांतरावर असेच बोट ठेवले आणि स्वतःच्या बचावार्थ 21 तासांहून अधिक वेळ भाषण केले. (त्याला संथ कोण म्हणेल?) ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा फर्मावली. लेख मराठीत, निवाडा भाषांतरावर! अशा न वळणाऱ्या ज्यूरीला या खेळाच्या रचनेत जागाच नाही, आणि खेळाडूंच्या प्रशंसेत ही उणीव कोठेही नोंदलेली दिसत नाही.