पारस्परिक उत्तरदायित्व की नियुक्तीचे चक्र? : चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या सदस्यत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या घटनेनुसार पॉलिटब्युरो, तिची स्थायी समिती आणि सरचिटणीस यांची निवड केंद्रीय समिती करते. मात्र या समितीवर कोणास घ्यावयाचे, हे ठरविण्यात याच नेत्यांचा निर्णायक वाटा असतो. निवडणारे आणि निवडले जाणारे यांच्यातील हा गुंता उलगडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकन अभ्यासक सुसान शर्क यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द पॉलिटिकल लॉजिक ऑफ इकॉनॉमिक रिफॉर्म इन चायना' या ग्रंथात केला. त्यातील 'पारस्परिक उत्तरदायित्व' या संकल्पनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचे सामर्थ्य

शर्क यांच्या मते, नेते अधिकाऱ्यांना नेमतात. पण तेच अधिकारी समितीचे सदस्य या नात्याने नेत्यांची निवड करतात. त्यामुळे उत्तरदायित्व एकाच दिशेने वाहत नाही. १९८० च्या दशकात प्रांतिक अधिकाऱ्यांचा गट समितीत सर्वांत मोठा होता. म्हणूनच नेतृत्वासाठी स्पर्धा करणाऱ्यांनी प्रांतांना लाभदायक ठरतील अशा आर्थिक सुधारणांचा पुरस्कार केला, असे त्या दाखवितात. समितीबाहेरील ज्येष्ठ क्रांतिकारक व लष्करी नेते यांचाही त्या निवडकर्त्या वर्गात समावेश करतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

या मांडणीला इतिहासात आधार आहे. १९८७ च्या तेराव्या महाअधिवेशनात जागांपेक्षा अधिक उमेदवार ठेवण्याची पद्धत अवलंबिली गेली आणि सनातनी विचारांचे प्रभावी नेते डेंग लिचुन समितीवर निवडून येऊ शकले नाहीत. १९९७ मध्ये शी जिनपिंग यांचे नाव पर्यायी सदस्यांच्या यादीत अखेरचे होते. ही यादी मिळालेल्या मतांच्या क्रमाने लावली जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रतिनिधींच्या मताला काही अर्थ होता, हे मान्य करावे लागते.

संकल्पनेच्या मर्यादा

तथापि जे विशिष्ट परिस्थितीत घडले, त्याला शर्क यांची मांडणी संस्थेचा अंगभूत गुणधर्म मानू पाहते. १९६८ चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लिऊ शाओची यांना पक्षातून काढण्यासाठी भरलेल्या बैठकीस हयात असलेल्या ८७ पूर्ण सदस्यांपैकी केवळ ४० उपस्थित होते. बहुसंख्य सदस्य सांस्कृतिक क्रांतीच्या तडाख्यात सापडले होते. गणपूर्ती साधण्यासाठी १० पर्यायी सदस्यांना बढती देण्यात आली. चेन शाओमिन या एकाच सदस्येने ठरावाच्या बाजूने हात वर केला नाही. तरीही ठराव एकमताने संमत झाल्याचे घोषित झाले. निवडकर्त्यांनाच नाहीसे करण्याची शक्ती नेत्याच्या हाती असेल, तर उत्तरदायित्व पारस्परिक राहत नाही.

माओनंतरच्या काळातही हा प्रश्न सुटला नाही. २००७ मध्ये समितीचे सदस्य व अन्य वरिष्ठ अधिकारी अशा ४०० हून अधिक जणांचे पॉलिटब्युरोच्या संभाव्य उमेदवारांविषयी मत अजमावण्यात आले. २०१२ मध्येही हा प्रयोग झाला. मात्र २०१७ मध्ये मतांच्या खरेदीचे कारण पुढे करून तो बंद करण्यात आला व त्याजागी वैयक्तिक मुलाखती आल्या. मतपत्रिकेत मतदाता झाकला जातो, मुलाखतीत तो उघडा पडतो. सदस्यसंख्या तीच राहिली, पण सदस्यत्वाचे मोल बदलले.

२०२२ च्या विसाव्या महाअधिवेशनाने २०५ पूर्ण व १७१ पर्यायी सदस्य निवडले. जागांपेक्षा उमेदवार सुमारे आठ टक्क्यांनीच अधिक होते. ली केकियांग व वांग यांग हे दोघेही ६८ या रूढ वयोमर्यादेच्या आत असूनही त्यांची नावे यादीत नव्हती; त्यांची निवृत्ती जगाला या अनुपस्थितीवरूनच कळली. पक्षसदस्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असताना पूर्ण सदस्यांत त्या केवळ ११ होत्या आणि २४ जणांच्या पॉलिटब्युरोत एकही नव्हती. समितीची घडण पक्षाच्या नव्हे, तर पदांच्या उतरंडीचे प्रतिबिंब आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ऑक्टोबर २०२५ च्या चौथ्या पूर्ण बैठकीस १६८ पूर्ण सदस्य उपस्थित होते. पूर्ण व पर्यायी मिळून १४ जणांच्या हकालपट्टीवर तेथे शिक्कामोर्तब झाले आणि ११ पर्यायी सदस्यांना पूर्ण सदस्यत्व मिळाले. हकालपट्टीचे निर्णय पॉलिटब्युरोने आधीच घेतले होते. समितीने त्यांना संमती दिली. १९६८ ची हिंसा येथे नाही, परंतु निवडकर्त्यांच्या भवितव्याचा निर्णय ज्यांना ते निवडतात त्यांच्याच हाती असावा, हे सूत्र कायम आहे.

समारोप

शर्क यांची संकल्पना त्याज्य ठरत नाही. तिची व्याप्ती मर्यादित करावी लागते. नेतृत्वात खरी स्पर्धा असेल, मत गुप्त राहील आणि मत दिल्याबद्दल सदस्यत्व धोक्यात येणार नाही, तेव्हाच उत्तरदायित्व उभयपक्षी होते. या अटी लोपल्या की उरते ते नियुक्तीचे चक्र. समितीच्या यादीवरून कोणत्या पदाला पक्ष किती महत्त्व देतो, हे कळते. सत्ता कोणाला जाब देते, हे मात्र त्या यादीवरून कळत नाही. चिनी राजकारणाच्या अभ्यासकाने सदस्यांची मोजदाद करण्यापूर्वी त्यांच्या मताला असलेले संरक्षण तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.