टोपी, बंडी आणि घोंगडी

विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या 'माझा प्रवास' या आठवणींच्या पुस्तकात 1857 च्या उठावातल्या झाशीच्या धामधुमीतला थंडीच्या दिवसांचा एक लहानसा प्रसंग आहे. तोफांकडे कान लावून बसलेले आपण तो सहज ओलांडून जातो. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणी लक्ष्मीबाईंना दक्षिण दरवाजापाशी गोरगरिबांची दाटी दिसते. ही गर्दी कशाची, असे त्या विचारतात. दिवाण सांगतात की थंडीने लोक गारठले आहेत, अंगावर पांघरूण नाही. त्यावर हुकूम सुटतो : चौथ्या दिवशी शहरातल्या साऱ्या गरिबांना जमवावे आणि प्रत्येकाला टोपी, बंडी नि घोंगडी द्यावी.

आधी तो प्रश्न पाहू या. करुणेने डोळे भरून येतात खरे, पण भरल्या डोळ्यांना समोरचे धूसर दिसते. इथे मात्र कळवळा आधी विचारतो आणि मग देतो, म्हणूनच दान दुःखाच्या मापाचे होते. डोक्याला टोपी, अंगाला बंडी, रात्रीला घोंगडी! आणि 'साऱ्या' गरिबांना, म्हणजे दाराशी आले त्यांना आणि जे नजरेस पडलेच नाहीत त्यांनाही.

इथे रसिकाला दूरच्या चीनमधला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, कन्फ्यूशियसच्या परंपरेतला तत्त्वज्ञ मेन्सियस आठवावा. छी राज्याच्या श्वेन राजाला बळीसाठी नेल्या जाणाऱ्या बैलाचे थरथरणे पाहवेना. बैल सोडून मेंढा न्या, असे तो म्हणाला. प्रजेने त्याला चिक्कू ठरवले, पण मेन्सियसला त्यात सद्गुणाचा अंकुर दिसला. आणि म्हणूनच त्याने राजाला विचारले, पशूपर्यंत पोचणारी ही दया प्रजेपर्यंत का पोचत नाही? वजन केल्यावाचून हलके-जड कळत नाही, तसे मनाचेही आहे, असे त्याचे म्हणणे. भावना आपल्या हृदयात उमलते, पण तिचे माप बाहेर, दुसऱ्याच्या हुडहुडीत असते; ते आपल्या लहरीने बदलत नाही.

या हिवाळ्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही पाहावे. जून 1857 मध्ये झाशी छावणीत उठाव झाला आणि 8 तारखेला झोकनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष मुलाबाळांसह मारले गेले. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहरात कत्तल केली. संताप दोन्हीकडे खराखुरा होता आणि ज्याचा त्याला न्याय्यही वाटत होता. पण मारल्या गेलेल्या मुलाच्या जिवाचे मोल त्या संतापाने कमी झाले नाही. भावना खरी असणे वेगळे आणि ती यथार्थ असणे वेगळे, हा विवेक या दोन कत्तलींच्या मधोमध उभा असलेला तो साधा हुकूम शिकवतो.

गोडसे भटजींनी हे सारे सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिले आणि 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापले. आगीच्या नि कत्तलीच्या इतक्या आठवणींतून वाट काढत या भिक्षुकाच्या मनात तीन कपड्यांची नावे टिकून राहावीत, यातच त्याच्या लेखणीची थोरवी आहे : काय भव्य आहे याबरोबरच काय मोलाचे आहे, हेही तिला पक्के ठाऊक होते.