नियमातला निळा, अंगावरचा निळा

नेपोलियनच्या हलक्या पायदळाच्या २८ मिलिमीटरच्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांचा ‘अचूक’ या शब्दावर फार जीव. पण अचूक म्हणजे कशाशी अचूक? साध्या फ्रेंच पायदळाच्या कोटाची छाती पांढरी, हलक्या पायदळाची निळी, विजारही निळी. इथवर वाद नाही. वाद १८१२पासून सुरू होतो. त्या जानेवारीत बार्दँ याच्या नियमावलीने लांब शेपटांचा कोट काढून आखूड कोट आणला. कार्ल वेर्नेने त्याची देखणी चित्रे काढली. पण कापड बेतून, शिवून पलटणींपर्यंत पोचायला पुढचे साल उजाडले. रशियाच्या मोहिमेवरच्या शिपायाला नवा कोट चढवणारा हौशी कलावंत चित्राशी इमान राखतो, शिपायाशी नाही.

रंगाचे दुखणे याहून जुने. नीळ समुद्रापलीकडून, बंगालातूनही येई आणि समुद्र ब्रिटिशांच्या ताब्यात. १८०६मध्ये साध्या पायदळाला पांढरे कोट द्यायचे ठरले, त्यामागे हीच टंचाई होती. तो बेत लवकरच गुंडाळला गेला. हलके पायदळ निळेच राहिले. पण विखरून, काट्याकुट्यांतून लढणाऱ्या, उन्हापावसात विटलेल्या चोवीस कोटांचा निळा एकच कसा? मीही पहिले बारा शिपाई एकाच डबीतून रंगवले होते. शिवाय खरा गडद निळा इतक्या लहान आकृतीवर काळा दिसतो, म्हणून जाणकार तो मुद्दाम फिकट करतात. नियमाशी एवढी सूट घेणाऱ्यांपैकी कोणी कोटाच्या कोपराला ठिगळ लावलेले मात्र माझ्या पाहण्यात नाही.