सैनिकांची उपमा आणि माशाच्या पेशी

शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशींचे सैन्य त्यांच्यावर तुटून पडते, असे आपण वर्गात सांगतो. उपमा सोपी आहे, मुलांना आवडते आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. १८८२ मध्ये मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले, तेव्हा फिरत्या पेशी काट्यांभोवती खरोखरच गोळा झाल्या होत्या. प्रश्न आहे तो ही उपमा कुठवर ताणावी याचा. ते तपासायला मासा हे चांगले उदाहरण आहे.

अंधेरीजवळ वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत रोहूसारख्या माशांच्या रोगप्रतिकाराचा अभ्यास होतो. माशाच्या हाडांत रक्तपेशी तयार करणारी मज्जा नसते; हे काम मुख्यतः मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. मासा साफ करताना कण्याखालचा गडद लाल पट्टा खरवडून टाकतात. तो साकळलेल्या रक्ताचा वाटतो, पण असते ते मूत्रपिंड.

येथील भक्षक पेशी सक्रिय कशी होते? तिच्याजवळ ग्राही प्रथिने असतात. जीवाणूच्या शेपटीतले प्रथिन किंवा बुरशीच्या भित्तिकेतली शर्करा अशा ग्राहीत बसली, की पेशीच्या आत एकामागून एक प्रथिने कामाला लागतात व काही जनुके चालू होतात. पेशी जंतू गिळते, ऑक्सिजनपासून दाहक रेणू बनवते आणि रासायनिक संदेश सोडून इतर पेशींना बोलावते. प्रयोगशाळेत एनबीटी हे पिवळे रसायन अशा पेशींत निळे होते. त्या निळेपणावरून सक्रियता मोजतात.

आता उपमा कुठे मोडते ते पाहा. यीस्टच्या भित्तिकेतले बीटा-ग्लुकान खाद्यातून दिले तरी माशाच्या भक्षक पेशी सक्रिय होऊ शकतात. येथे शत्रू कुठे आहे? पेशीला शत्रू ओळखता येत नाही. आकार जुळला की क्रिया सुरू होते. मृत जंतूंची लस उपयोगी पडते तीही यामुळेच. सैन्यात पायदळ वेगळे, तोफखाना वेगळा. पण ट्राउट माशात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी कणही गिळतात, असे २००६ मध्ये दिसून आले. शिवाय पाणी थंड झाले की माशात प्रतिपिंडे तयार होण्याचे काम मंदावते. यात शौर्याचा संबंध नाही, हे रसायनशास्त्र आहे.

उपमेचा खरा तोटा पुढेच आहे. सैन्य जितके मोठे तितके चांगले, असे मूल त्यातून शिकते. २०२० च्या करोना साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ वस्तूंचा बाजार याच समजुतीवर फोफावला. त्याच वेळी अनेक गंभीर रुग्णांच्या फुफ्फुसांना स्वतःच्याच अनियंत्रित दाहाने इजा होत होती. दाहक रेणू जंतू आणि स्वतःच्या ऊती यांत भेद करत नाहीत. म्हणून पेशी सक्रिय होणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर शांत होणेही.

उपमा टाकून देण्याचे कारण नाही. ती जरूर सांगावी आणि लगेच विचारावे, “या सैनिकांना हुकूम कोण देतो?” मुले मेंदूचे नाव घेतील. ग्राही प्रथिनाचा धडा तेथून सुरू करावा.