बोटीवरचे पान

दिवाळीच्या सुटीत पूर्वी माणसे फार तर मामाच्या गावी जात आणि परत आल्यावर मामीने करंज्या किती केल्या होत्या याचा वृत्तान्त शेजारीपाजारी सांगत. आता आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडचे एखादे कुटुंबही लोकलने मुंबई गाठते, बंदरावर क्रूझमध्ये चढते, दोन-चार दिवस समुद्रावर काढते आणि जमिनीवर पाय ठेवल्याबरोबर अभिप्राय देऊन मोकळे होते. जेवण उत्तम. नोकरवर्ग नम्र. खोली अंमळ लहान. सांबार मात्र गोड.

आमच्या समीक्षकांनी या गद्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. कादंबरी, कथा, नवकाव्य यांवर शाई पुष्कळ सांडली; परंतु घरोघर रोज निर्माण होणारे आणि तितक्याच आवडीने ऐकले जाणारे हे वाङ्मय समीक्षेच्या पंक्तीला कोणी बसवले नाही. मी शाळामास्तर असल्यामुळे निबंध तपासणे हा माझा धंदाच आहे. तेव्हा या जलप्रवासाच्या निबंधालाही तांबडी पेन्सिल लावून पाहावी, असे मनात आले. प्रश्न साधा आहे. बोटीवरचे जेवण, चाकरी आणि सुखसोय यांविषयी पुष्कळांनी लिहिले. त्यांतले काही शंभर-दीडशे वर्षांनंतरही वाचावेसे वाटते आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी शिळे होते. असे का?

कोणी म्हणेल, मोठा लेखक असला की झाले. तसे नाही. चार्ल्स डिकन्सचेच उदाहरण घ्या. जानेवारी १८४२ मध्ये तो 'ब्रिटानिया' बोटीने लिव्हरपूलहून अमेरिकेला गेला आणि त्याच वर्षी 'अमेरिकन नोट्स' हे पुस्तक त्याने प्रसिद्ध केले. त्याची खोली लहान होती. आमचे प्रवासीही हेच म्हणतात. परंतु डिकन्सला फळीवरची ती पातळ गादी शस्त्रवैद्याने पसरलेल्या लेपासारखी दिसली आणि जेवणाचा लांबोडा दिवाणखाना खिडक्या बसवलेल्या शववाहिनीसारखा. पुढे वादळात त्याची जी अवस्था झाली तीही त्याने हातचे न राखता सांगितली. खोली लहान आहे हे कळण्यासाठी फूटपट्टी पुरते. त्या खोलीत कोंबलेला माणूस दिसण्यासाठी मात्र लेखकाला स्वतःलाही हसता यावे लागते. तक्रार करणारा प्रवासी बहुधा स्वतःला चित्रातून वगळतो आणि मग चित्रात उरते ती केवळ गादी.

जेवणाचेही तसेच. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून एक अठरा वर्षांचा लाजाळू मुलगा बॅरिस्टर होण्यासाठी बोटीवर चढला. त्याला काटे-चमचे वापरता येत नव्हते, इंग्रजी धड बोलता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचा धीरही होत नव्हता. म्हणून तो जेवणाच्या टेबलाशी गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खात राहिला. हे गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. मांसाहार केला नाही याची प्रमाणपत्रे मिळवण्याचा त्यांनी खटाटोप केला. पुढे, मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते हे कळल्यावर त्या कागदाची गोडी संपली, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. या हकीगतीत एकाही पदार्थाची चव वर्णिलेली नाही. तरी बोटीवरच्या जेवणाविषयी इतके खरे फार थोड्यांनी लिहिले असेल. कारण येथे जेवण म्हणजे बशीत काय आहे हा प्रश्न नसून, घर सोडताना आईला दिलेले वचन परक्यांच्या टेबलाशी कसे पाळायचे हा प्रश्न आहे.

त्याआधी पाच वर्षे हा प्रश्न आमच्या एका मराठी मुलीपुढे याहून कठोर रूपात उभा राहिला होता. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही, सोबतीला मिशनरी बाया. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूरला इंग्रजीत व्याख्यान देऊन आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले होते. सभेत असे सांगणे कठीणच; परंतु इंग्रजी बोटीवर जवळजवळ दोन महिने शाकाहारावर राहून ते दररोज दोन वेळा पुन्हा सांगणे त्याहून कठीण. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांची ही वाटचाल मराठी वाचकाला घरात बसून वाचता आली. त्याच साली पंडिता रमाबाईही विलायतेला गेल्या आणि त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले पत्र 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापले गेले. म्हणजे १८८३ या एका वर्षात दोन मराठी स्त्रियांनी समुद्र ओलांडला आणि दोघींनीही लिहिले. समुद्र ओलांडणाऱ्याला ज्या काळी जातीबाहेर टाकीत, त्या काळची ही गोष्ट आहे. आमची जलप्रवासाची परंपरा अशी मातबर आहे; सांबाराच्या गोडीपाशी ती येऊन थांबावी हे बरे नव्हे.

आता चाकरीकडे वळू. या बाबतीत मात्र आमच्या जुन्या प्रवासवर्णनांनाही मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. विलायती बोटींवर, विशेषतः पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर, भोजनगृहातले वाढपी आणि स्वयंपाकी बहुतेक गोव्याचे असत; खलाश्यांत गुजरातेपासून कोकणापर्यंतच्या किनाऱ्यावरची माणसे असत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोवेकरांचे 'कूड' होते. एकेका गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या या खोल्यांत पेटी ठेवायची, बोट मिळेपर्यंत राहायचे आणि बोलावणे आले की निघायचे. म्हणजे आमच्या विद्वान प्रवाशापुढे जी सूपची बशी ठेवली जाई, ती ठेवणारा हात पुष्कळदा आमच्याच किनाऱ्याचा होता. परंतु प्रवासवर्णनांत तो येतो आणि जातो तो नुसता 'स्टुअर्ड' म्हणून. त्याला घर नाही, गाव नाही, आणि बोट हलली तरी त्याला ती लागत नाही, असे वाचकाला वाटावे.

आजचा अभिप्राय 'नोकरवर्ग नम्र' एवढ्यावर मिटतो, त्याचे मूळ येथे आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'मी केलेला प्रवास' या विषयावर क्रूझची हकीगत लिहिली. 'अप्रतिम' हा शब्द तीनदा आला होता. मी त्याला जवळ बोलावून विचारले, "अरे, तुला आइस्क्रीम कोण आणून देत होतं?" मुलगा चटकन म्हणाला, "सर, एक दादा होता. वेंगुर्ल्याचा. तो सांगत होता, बोट रात्री त्याच्या गावासमोरून जाते, पण थांबत नाही." मी म्हटले, "मग हे का नाही लिहिलंस?" तो गोंधळून म्हणाला, "हे पण लिहायचं असतं?"

मुलाला आठवत होते. लिहिण्याजोगे आहे हे मात्र कोणी सांगितले नव्हते. स्वतःच्या गावचा किनारा अंधारात मागे पडत असताना दुसऱ्याच्या मुलांना आइस्क्रीम वाढणारा तो तरुण एका वाक्यात उभा राहतो, आणि तीन 'अप्रतिम' त्याच्यापुढे फिके पडतात.

सुखसोयीचे माप प्रवाशागणिक बदलते, हे तर एकाच लेखकाच्या दोन प्रवासांतून दाखवता येते. सावरकर जून १९०६ मध्ये 'पर्शिया' बोटीने विलायतेला गेले, ते विद्यार्थी म्हणून. 'शत्रूच्या शिबिरात' या पुस्तकात त्या प्रवासाची हकीगत आहे आणि घरच्या ओढीने परत फिरू पाहणारा एक पंजाबी सहप्रवासीही तीत भेटतो. पाच वर्षांनी, १९११ साली, तेच सावरकर 'महाराजा' बोटीने अंदमानला नेले गेले, ते जन्मठेपेचे कैदी म्हणून. 'माझी जन्मठेप' या १९२७ च्या ग्रंथात बोटीच्या पोटातला तो पिंजरा, ती दाटी, आणि अंथरुणाशेजारीच ठेवलेले, सर्वांनी शौचास वापरायचे ते पिंप यांचे वर्णन आहे. तेथे खोली लहान की मोठी हा प्रश्नच उरत नाही. किळस आलेल्या मनाला वळण कसे लावायचे, एवढाच प्रश्न उरतो. लेखणी एक, समुद्र तोच. तिकीट मात्र वेगळे. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने ही दोन पुस्तके शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत.

लिहिणाऱ्यांचे एवढे झाले. परंतु आमच्या बहुसंख्य प्रवाशांनी लिहिलेच नाही. रत्नागिरीकडचे मजूर एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांच्या बोटीवरच्या भाताची चव कोणी नोंदवली नाही. पुढे पिढ्यानुपिढ्या चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात गेले. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे त्यांना पाढ्यासारखी पाठ. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, फडक्यातली भाकरी सोडायची, आणि बंदर आले की हेलकावणाऱ्या बोटीतून पोर काखेला मारून खालच्या पडावात उतरायचे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तरी बोट सोडून चालणार नव्हते, कारण दुसरी वाट लांबची आणि खडतर होती. गेल्या शतकाच्या अखेरीस ती वाहतूक आटली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, आणि २०१८ साली 'आंग्रिया' मुंबईहून गोव्याला निघाली ती नवलाईची सहल म्हणून. ज्या पाण्यावरून आजी गरजेपोटी गेली, त्याच पाण्यावरून नात हौसेने गेली. आजीचा अभिप्राय मात्र आम्ही विचारलाच नाही.

आमच्या या टापूत तर असे न विचारलेले एक सबंध शहर वसले आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांना ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले, हे आम्ही मुलांना सांगतो. फाळणीनंतर, आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर, हजारो सिंधी कुटुंबे बोटीने मुंबईला आली. सिंधी भाषेत त्याविषयी लिहिले गेले आहे. पण रुळापलीकडे राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांनी त्यांच्याकडून कापड घेतले, पापड घेतले, हकीगत घेतली नाही.

उल्हासनगरातल्या एका वृद्ध दुकानदारांना मी विचारले, बोटीवर खायला काय होते? ते तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. म्हणाले, "मास्तर, आईनं कोकी बांधून घेतली होती. शेवटची कोकी तिनं मुंबईला उतरेपर्यंत खाऊ दिली नाही. पुढची चूल कुठं पेटणार ते तिला ठाऊक नव्हतं ना!" समुद्र कसा होता, असे विचारल्यावर ते थोडे थांबले. "समुद्र मी पाहिलाच नाही. माणसांच्या पाठी पाहिल्या."

चार-सहा वाक्यांत जेवण, चाकरी, सुखसोय सगळे आले. विशेषण एकही नाही. माझ्या वर्गातल्या कोणा मुलाने हे लिहिले असते तर पेन्सिल खाली ठेवून मी ते सबंध वर्गाला वाचून दाखवले असते.

याचा अर्थ क्रूझवर जाऊ नये किंवा सांबार गोड असले तर गोड म्हणू नये, असा नव्हे. पैसे मोजणाऱ्याने खुशाल जेवावे आणि कमी पडले तर बोलावेही. माझे म्हणणे लिहिण्यापुरते आहे. पानात काय वाढले ते लिहिताना कोणी वाढले, कोठून येऊन वाढले, आणि ते पान आपल्या वाट्याला येण्यापूर्वी याच पाण्यावर कोण कोण फडक्यातली भाकरी सोडून बसले होते, याची जाणीव ज्या लिखाणात असते ते टिकते.

वाचकहो, कराचीच्या बोटीतून उतरलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. कोकणच्या बोटीत पडावातून चढलेल्या आज्या बदलापूरच्या चाळींतून आणि नव्या इमारतींतून अजून आहेत. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन त्यांच्या घरी जाल, तेव्हा घटकाभर बसा आणि विचारा, बोटीवर तुम्ही काय खाल्ले? मग जसे सांगतील तसे लिहून ठेवा. विशेषणे मागाहून घालता येतील. आणि नाही घातली तरी चालेल.